ईश्वरीचं कच्चं पीठ

सकाळचे सात. अमडापूर, माझ्या पुतणीचं, सुनीताचं, स्वयंपाकघर. ती थंड पाण्यात कॉर्नफ्लोअर ढवळत होती. तिच्या सहा वर्षांच्या ईश्वरीला जन्मजात आजार आहे. लिव्हर साखर साठवतं, पण सोडत नाही. उपाशी राहिली की रक्तातली साखर धाडकन उतरते. म्हणून दर चार तासांनी हे पीठ प्यायचं, तेही कच्चंच. हेच औषध!

बातमीदारीत माझा जन्म गेला. पण या एका पेल्याभोवती जेवढे किस्से जमले, तेवढे तालुक्याच्या राजकारणातही मिळाले नाहीत. हसू मात्र एकाचंही येत नाही.

*

एकदा सुनीता बाजारात गेलेली. आजीने पिठाची छान लापशी शिजवली. पोरगी चाटूनपुसून खाऊन झोपली, ती घामाने थबथबली, हाकेला ओ देईना. सुनीता आली आणि तिने हिरड्यांना ग्लुकोज चोळलं, तेव्हा डोळे उघडले.

"कच्च्या पिठानं लेकराचं पोट दुखते वं," आजी रडत म्हणाली. "म्या मायेनं शिजवलं."

शिजवलं की ते भराभर पचतं, चार तास पुरत नाही. शहरातल्या डॉक्टरांनी हे आईला सांगितलं. आजीला कोण विचारतं!

*

शाळेत गुरुजींनी पिठाच्या पाण्याची बाटली काढू दिली नाही. एकीला परवानगी दिली तर सगळेच बाटल्या काढतील म्हणे.

मी विचारलं, "गुरुजी, पोरगी वर्गात पडली तर तिला नियम उचलून नेईल का?"

आता ते स्वतःच घड्याळ पाहतात.

*

श्रावणी सोमवार. शेजारच्या पोरींनी उपवास धरला, म्हणून ईश्वरीनेही धरला. पेला गुपचूप मोरीत ओतला. देवळात बायका कौतुक करत होत्या, एवढीशी पोर, पण श्रद्धा पाहा! तेवढ्यात ईश्वरी पायरीवरच कलंडली. सुनीता ग्लुकोजची पुडी दाताने फाडत होती.

*

मग अपेंडिक्स. ऑपरेशनआधी पोट रिकामं हवं, म्हणून शिरेतून ग्लुकोजचं सलाइन लावलं. सुनीता येणाऱ्या-जाणाऱ्याला विनवत होती, "हे बंद नका करू हो. तिचं जेवण हाय ते."

दुपारी एका पुढाऱ्याचा पेशंट आला, आमचा नंबर मागे गेला. सुनीताला सहीसाठी खाली बोलावलं. मी औषधं आणायला गेलो होतो. दोघं परतलो तर सलाइन काढून ठेवलेलं, आणि पोरीला झटके येत होते.

धावपळ झाली. ग्लुकोज टोचलं. ती वाचली.

डॉक्टर म्हणाले, सिस्टरला विचारा. सिस्टर म्हणाली, सरांनीच सांगितलं असेल. मी वरपर्यंत विचारलं, पेपरात छापलं.

ते सलाइन कोणी काढलं, हे अजून कोणीही सांगितलेलं नाही.