शरभच्या आईला कळलं नाही

लग्न होऊन मला म्हैसूरला चार महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. १९९५ सालचा श्रावण. मी बेळगावची, इथलं मार्केट अजून सवयीचं झालं नव्हतं, म्हणून मामंजी मला बरोबर घेऊन फुलं आणायला गेले होते. फुलवालीपाशी उभे असताना मागून हाक आली, "मुरली! ए मुरली!"

माझ्या सासऱ्यांचं नाव नागेंद्र. हाक दुसऱ्या कुणाला असेल म्हणून मी सहज वळून पाहिलं. धोतर नेसलेला एक म्हातारा थेट आमच्याकडे बघून हात हलवत होता. मामंजी वळले नाहीत. बांधलेली पुडी तिथेच फळीवर टाकून ते भराभरा चालू लागले, इतके की मला मागून पळावं लागलं.

माझे यजमान रविकिरण यांचं देवराज मोहल्ल्यात शिवणकामाचं दुकान आहे. शाळांचे गणवेश शिवतात. दुपारी डबा घेऊन गेले तेव्हा मी हसत हसत सांगितलं, की आज एकाने मामंजींना भलत्याच नावाने हाक मारली. ह्यांनी मशीनवरचा पाय काढला.

"तो चुकला नव्हता," हे म्हणाले. "ते माझे अप्पा नव्हेत, भाग्या. काका आहेत. मुरलीधर."

मग त्यांनी सांगितलं. एका बैठकीत नाही; त्या दुपारी थोडं, आणि पुढे वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्याने. मी इथे सलग लिहिते आहे.

आमच्या घराण्याचा कापड रंगवायचा धंदा होता. तो बसला तेव्हा थोरले नागेंद्र मंदार टॉकीजमध्ये ऑपरेटर झाले. प्रेक्षकांच्या मागे, उंचावर केबिन. आत दोन प्रोजेक्टर. कार्बनच्या कांड्या जाळून उजेड काढायचे, त्यामुळे केबिनची भट्टी व्हायची. हे काम करायला फोटो चिकटवलेलं सरकारी लायसन लागायचं आणि ते नागेंद्रांकडे होतं. त्यांच्याहून पाच वर्षांनी धाकटे मुरलीधर त्यांच्याच हाताखाली रिळं गुंडाळायचे. काम सगळं येत होतं, लायसन तेवढं नव्हतं.

छोटा रवी शाळा सुटली की डबा घेऊन केबिनमध्ये जायचा आणि स्टुलावर चढून काचेच्या खिडकीतून सिनेमा बघायचा. त्या वर्षांत कॅप्टन शरभ नावाच्या गुप्तहेराचे कन्नड सिनेमे निघायचे. पहिल्या दोन्हींत शरभचं काम एकाच नटाने केलं होतं. रुंद खांद्यांचा, गालावर खळी पडणारा. रवीला ते दोन सिनेमे तोंडपाठ होते. अप्पा त्याच्या कानाशी येऊन म्हणायचे, "आता बघ, पूल जातो बघ," आणि पूल उडायचा. बरीच वर्षं त्याला वाटायचं, की पूल अप्पाच उडवतात.

१९७७च्या मार्चमध्ये नागेंद्र एका मित्राच्या मुलाच्या मुंजीला सोसल्याला गेले. सकाळी नदीवर अंघोळीला म्हणून उतरले. काठावर घडी घातलेले कपडे सापडले, शेजारी चपला. माणूस नाही. गावातल्या लोकांनी तीन दिवस कावेरी धुंडाळली. काही मिळालं नाही.

सासूबाई, गंगाबाई, तेव्हा पस्तिशीच्या होत्या. त्या सोसल्याला जाऊन कपडे घेऊन परत आल्या, धुतले, वाळवून कपाटात ठेवले. "त्यांना पोहता येतं," एवढंच म्हणाल्या. "येतील." कुंकू पुसू दिलं नाही, दिवस करू दिले नाहीत, पोलिसांत कुणाला जाऊ दिलं नाही. तिथे गेलं तर बुडाले असं लिहून द्यावं लागेल, आणि ते त्यांना लिहून द्यायचं नव्हतं.

आठवड्याभराने टॉकीजचे मालक घरी आले. नवा लायसनवाला ऑपरेटर मिळत नव्हता. बाहेरच्या खोलीत बसून त्यांनी मुरलीधरांना सांगितलं, "नागेंद्र येईपर्यंत तू चालव. कागदावर नागेंद्रच आहे. वर केबिनमध्ये कोण बसलंय हे कोण बघायला येतं?"

मुरलीधरांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनींनी मान हलवली. चहाच्या वाफेवर धरून लायसनवरचा फोटो सोडवला गेला आणि तिथे मुरलीधरांचा लागला. फोटोच्या कोपऱ्यावर अर्धा शिक्का होता, तेवढा त्यांनी निळ्या शाईने पुरा केला. कुणी चौकशीला आलं तर नको, म्हणून लग्नाचा फोटोही भिंतीवरून उतरला आणि न्हाणीघरातल्या चुलीत गेला. घरात नागेंद्रांचे तेवढे दोनच फोटो होते.

रवीला समोर बसवून आईने सांगितलं, "घरात काका म्हण. बाहेर अप्पा म्हणायचं. अप्पा येईपर्यंतच."

त्याच वर्षी दसऱ्याला शरभचा तिसरा सिनेमा आला. पहिल्या खेळाला रवी काचेला नाक लावून उभा होता. नाव आलं, संगीत तेच वाजलं, पांढऱ्या कोटातला माणूस पाठमोरा चालत आला आणि वळला. तो शरभ नव्हता. बारीक मिशी, लांबट चेहरा. खाली लोकांनी शिट्ट्या मारल्या, "अय्यो, आमचा शरभ कुठाय?" म्हणून ओरडले. मध्यंतरापर्यंत गप्प झाले. शेवटी टाळ्या वाजवत बाहेर पडले.

त्या सिनेमात शरभची आई मात्र तीच होती, पहिल्या दोन सिनेमांतली. कामगिरी संपवून शरभ घरी येतो, दार वाजवतो, आई दार उघडते आणि म्हणते, "आलास बाळा?" त्या नव्या माणसाच्या गालावरून हात फिरवते.

"मी रोज बघायचो," हे सांगत होते. "मला वाटायचं, आज तिला कळेल. आज ती म्हणेल, तू कोण? अठ्ठावीस दिवस सिनेमा चालला. तिला एकदाही कळलं नाही."

घरी हेच घडताना तो बघत होता. काका केबिनमधून यायचे, आई दार उघडायची, पाण्याचा तांब्या ठेवायची. शेजारीपाजारी विचारायचे नाहीत. नव्या बिऱ्हाडांना तर माहीतच नव्हतं. नऊ वर्षांच्या पोराला भीती अशी बसली, की आईलाही आता फरक कळेनासा झाला आहे. एकदा त्याने विचारलं, "आई, हे कोण ते तुला माहितंय ना?" आईने त्याच्या फाडकन मुस्काटात मारली आणि मग त्याला पोटाशी धरून किती तरी वेळ तशीच बसून राहिली.

सिनेमा उतरायला आला होता तेव्हा, मॅटिनीला, खात्याचा तपासनीस केबिनमध्ये आला. लायसन मागितलं, उजेडाशी नेऊन पाहिलं. काकांच्या कपाळावरून घाम वाहत होता. पण केबिनमध्ये घाम सगळ्यांनाच यायचा. तपासनिसाने शिक्क्यावर अंगठा फिरवला. मग स्टुलावरच्या मुलाकडे वळून कन्नडमध्ये विचारलं, "काय रे बाळा, हे तुझे कोण?"

काका त्याच्याकडे बघत नव्हते. प्रोजेक्टरकडे बघत होते.

"अप्पा," रवी म्हणाला.

"नाव काय अप्पांचं?"

"नागेंद्र."

तपासनीस हसला, रवीच्या डोक्यावर टपली मारून, लायसन परत देऊन निघून गेला. काका खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हुंदके देऊ लागले. रीळ संपत आलं होतं. बदलायची वेळ झाली हे रवीनेच त्यांना सांगितलं.

"त्या दिवशी अप्पा मेले," हे मला म्हणाले होते. "नदीत नाही. मी नाव घेतलं तेव्हा."

काका कधीच परत मुरलीधर झाले नाहीत. रेशन कार्डावरून मुरलीधर कमी झाला. परगावी कामाला गेला, असं सांगितलं. कागदावर त्यांना बायको होती, मुलगा होता. म्हणून त्यांचं लग्न होणं शक्य नव्हतं. बेचाळीस वर्षं ते बाहेरच्या खोलीत झोपले. सासूबाई त्यांना वाढताना शेवटपर्यंत डोक्यावर पदर घ्यायच्या. हे नवी सून म्हणून मी पाहिलं होतं, पण जुनी पद्धत असेल असं मला वाटलं होतं.

शरभ पुढेही बदलत राहिला. तिसरा नट आला तेव्हा रवी सोळा वर्षांचा होता. मित्र चहाच्या गाड्यावर तासन्‌तास वाद घालायचे, खरा शरभ कोणता. हे उठून जायचे. टॉकीजमध्ये पाय ठेवणं त्यांनी सोडलं, शिवण शिकले. पण अप्पा त्यांना कुठेही दिसायचे. एकदा हुणसूरला निघालेल्या बसमधून येलवालला त्यांना हॉटेलाच्या बाकावर पाठमोरा माणूस दिसला. हे चालत्या बसमधून उतरले, गुडघे फोडून घेतले. माणूस कुणी भलताच होता. मान तेवढी तशी होती.

"चेहरा आठवतो का?" मी एकदा विचारलं.

"नाही," हे म्हणाले. "आठवायला गेलो की पहिला शरभ येतो. खळी पडते. अप्पांना खळी होती का, तेही मला माहीत नाही. आईला विचारायचं धाडस झालं नाही."

मंदार टॉकीज २००९ला बंद झाली. तेव्हा मी मामंजींना, म्हणजे मुरलीधरांना, विचारलं होतं. आता लायसन नको, नोकरी नको. आता स्वतःचं नाव परत घ्या की.

ते वर्तमानपत्र घडी करत होते. "घेतलं की पहिला प्रश्न काय येईल, सांग बघू?" ते म्हणाले. "मग नागेंद्र कुठाय? त्याला काय सांगू?"

२०१९च्या जानेवारीत ते गेले. तीन दिवस ताप होता, झोपेतच गेले. दाखल्यावर नाव आलं, नागेंद्र. नातेवाईक जमले. प्रेत नेल्यावर बायका सासूबाईंभोवती बसल्या आणि एक वयस्क आत्या त्यांच्या कपाळाकडे हात नेऊ लागली. सासूबाई तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांच्या होत्या. त्यांनी तो हात वरच्या वर धरला.

"हा माझा दीर गेला," त्या म्हणाल्या. "नवरा नाही."

निम्म्यांना वाटलं, दुःखाने भ्रम झाला. निम्म्या जमिनीकडे बघत राहिल्या. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज साफ होता. दहाव्या दिवशी गुरुजींनी नाव विचारलं तेव्हा हे अडखळले. मागून सासूबाईंनी स्वतः सांगितलं, "मुरलीधर." आणि मग, जरा थांबून, "चांगलं मोठ्यांदा म्हण. त्याला ऐकू जाऊ दे."

बेचाळीस वर्षं आईला सगळं माहीत होतं, एक क्षणही ती विसरली नव्हती, हे ह्यांना त्या दिवशी कळलं. घरी येऊन हे मोरीत जाऊन रडले.

सासूबाई २०२२ला गेल्या. शेवटपर्यंत कुंकू होतं. शेवटच्या आठवड्यात दाराकडे बघायच्या. कुणी आलं की नजर वर जायची आणि परत खाली यायची.

पुढच्या वर्षी शरभचा नवा सिनेमा आला. पाचवा नट, अगदी तरुण. आमच्या मुलीने, स्पंदनाने, तिकिटं काढली. "डॅडी, प्लीज बा, या ना, एकदाच," म्हणून मागे लागली. तिला यातलं काही माहीत नव्हतं. मला वाटलं हे नाही म्हणतील. आले. दुपारचा खेळ होता. शरभ घरी येतो तो प्रसंग याही सिनेमात होता. दार उघडलं. आत उभी होती ती आई दुसरीच. जुनी नटी वारली होती म्हणे. नवी आई नव्या शरभला म्हणाली, "आलास बाळा?" ह्यांनी माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "आता पहिल्याला ओळखणारं कुणीच उरलं नाही." आणि गाडीतूनच गुरुजींना फोन लावला.

गुरुजी म्हणाले, बेपत्ता माणसाचे विधी बारा वर्षांनी करतात. तुम्ही सेहेचाळीस घालवलीत. तिरुमकूडलूच्या संगमावर, सोसल्यापासून जवळच, पळसाच्या पानांची माणसाच्या आकाराची आकृती केली. हात, पाय, डोकं. चेहऱ्याच्या जागी नुसती पानं. स्पंदनाला आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. ती माझ्या मागे उभी राहून सगळा वेळ त्या आकृतीकडे बघत होती. ह्यांनी नाव घेतलं, नागेंद्र. गुरुजींना ऐकू गेलं नाही, दुसऱ्यांदा घ्यावं लागलं. अग्नी दिला. ओल्या पानांचा धूर खूप झाला आणि वाऱ्याने आमच्याच अंगावर आला.

परतताना हे खिडकीपाशी बसले होते. मी विचारलं, "जरा हलकं वाटतंय का?"

"गोत्तिल्ला, भाग्या. कळत नाही," हे म्हणाले. नदी दिसेनाशी होईपर्यंत हे तिकडेच बघत होते. मग माझ्याकडे न वळता, स्पंदनाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलले, "आज ते आलेच, तर आम्ही तुम्हाला जाळून आलो, हे त्यांना कसं सांगायचं?"