वाढत्या वयाचं अंडं

आमच्या सासूबाईंनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. हल्ली मशीनवरून उठताना त्या टेबलाची कड घट्ट धरायच्या. मी पाहिलं की म्हणायच्या, "पायाला मुंग्या आल्यात गं." त्या दिवशी मात्र कड धरूनही उठता येईना. तिसऱ्या खेपेला त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. शेवटी मी काखेत हात घालून उभं केलं. त्यांची आई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि तिचं सगळं यांनीच केलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्यांची पोटरी चाचपली. "वयाने स्नायू झडत चाललेत. अंडी, दूध, डाळ पोटात जाते का?"

"घरात रोज असतं की सगळं," सासूबाई म्हणाल्या.

असायचं, हे खरं. पण स्वतःचं अंडं त्या नातीच्या ताटात सरकवायच्या. "वाढत्या वयाला लागतं," म्हणत स्वतः चहात बिस्किट बुडवायच्या. मीही कधी अडवलं नव्हतं.

"प्रत्येक जेवणात यातलं काहीतरी हवंच, आणि रोज हात न टेकता खुर्चीतून उठायचा सराव," डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

दुसऱ्या सकाळी अंडं सवयीने नातीकडे निघालं. तिने ताट मागे ओढलं. "आजी, वय तुझंही वाढतंच आहे की."

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी अंडं खाल्लं, हात छातीशी बांधले आणि उठायला गेल्या. जेमतेम वीतभर उठून धपकन खाली बसल्या. भेदरलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहत हळूच म्हणाल्या, "आणखी एक उकडतेस का?"