पट्टीवरचे दोनशेतीस व्होल्ट

माझा मूर्खपणा आधी सांगून मोकळी होते. हीटरच्या पितळी पट्टीवर २३० व्होल्ट, १००० वॅट असं कोरलं होतं. म्हणून मी २३० धरले. भिंतीवरचा व्होल्टमीटर खरा आकडा दाखवत होता, पण या बाईसाहेबांना तिकडे बघायला फुरसत कुठे! मुलीच्या दहावीच्या पुस्तकातून शिकलेली विद्या मिरवायची होती ना.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आर्वीत एका दुकानात मी शेतपंपांच्या जळलेल्या मोटारी भरायचे. जुनी तार उपटायची, नवी गुंडाळायची, वार्निश लावून मोटर हीटरच्या पेटीत चार तास सुकवायची. गव्हाच्या हंगामात आमच्या मोटारी आठ दिवसांत जळून परत येऊ लागल्या. आत वार्निश ओलंच. शेठ म्हणाला, "आणखी एक वापस आली तर तुही सुट्टी."

मी हीटरचा करंट मोजला. ३.२ अँपिअर. दोनशेतीसला त्यानं भागलं, रोध आला बहात्तर ओहम. पट्टीच्या हिशेबानं हवा त्रेपन्न. मी ओरडले, "कॉइल गेली!" शेठनं वर्ध्याहून नवी कॉइल आणली. तिचाही करंट ३.२.

चार गिऱ्हाईकं उभी होती. शेठनं माझ्या कानामागची पेन्सिल ओढली, मोडली, पायाशी फेकली.

"अनपढ! घरी बसून वाती वळ. आकडे बाईचं काम नाई."

सगळे हसले. आणि ही चाळिशीची घोडी? तीही हसली. दात काढून. त्या हसण्याची शिसारी अजून येते.

दुपारी मान वर केली, तर मीटरचा काटा एकशेसत्तरवर. गावोगावचे पंप चालू, लाइनीत जोरच नाही. १७० भागिले ३.२. त्रेपन्न. कॉइल ठणठणीत होती. मग गुणाकार केला. ५४४. हजार वॅटची पेटी जेमतेम अर्धी तापत होती. चार तासांत मोटर सुकणार कशी? तिला आठ तास हवे होते.

कागदावर मांडून शेठला दाखवलं. त्यानं बराच वेळ कागद पाहिला.

"बरोबर हाय," तो हळूच म्हणाला. "पण लोकाईसमोर बोलू नको. तुह्या हातानं बिघडलं, असंच राहू दे."

दुसऱ्या दिवशी आष्टीचा एक म्हातारा जळलेली मोटर घेऊन आला. शेठनं माझ्याकडे बोट केलं. "इनंच भरली."

या वेळी मी हसले नाही.

"मामा, माह्या हाताले काही झालं नाई. पेटी अर्धीच तापते. शेठले कालच सांगितलं."

शटरवर खडूनं दोन्ही हिशेब लिहिले. भागाकार, गुणाकार. म्हाताऱ्याला बोट ठेवून समजावले. शेठ बोंबलत होता, मी लिहीत होते. त्याच दुपारी मला हाकललं. बरं झालं.

घरच्या ओसरीत पेटी मांडली. प्रत्येक मोटरीला कागद बांधायचा: व्होल्ट किती, अँपिअर किती, वॅट किती, किती तास सुकवली. काटा बघून लिहायचं, पट्टी बघून नाही. कागदाशिवाय माझ्या हातून एकही मोटर जाणार नाही, हे तेव्हा ठरवलं. आज नातवंडं झाली, तरी गेली नाही.

वर्षभरानं शेठ ओसरीसमोर येऊन उभा राहिला. मी बस म्हटलं नाही. तो म्हणाला,

"धंदा कर बाई, मी नाई म्हनत नाई. पन ते कागद बंद कर. लोकं आता मलेही आकडे मागून राह्यले."