नकाशा लिहिणाऱ्या भोयेबाई

भोयेबाई नकाशा काढत नसत, लिहीत असत. जव्हारला आमच्या संस्थेच्या खोलीत संगणकासमोर बसून त्या एकेक आकडा पुटपुटत टाइप करायच्या आणि ब्राउझर उघडला की त्या आकड्यांतून मोखाड्याचे पाडे, ओढे, रस्ते उमटायचे. नवा माणूस दारातच थबकायचा. त्याला वाटायचं, बाई जप करताहेत.

बाई मूळच्या जामसरच्या. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या आणि दोन हजार सालानंतरच्या वर्षांत लहान मुलांच्या वजनांचं काम पाहायला आमच्याकडे आल्या. आधीचा नकाशा विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये होता. ठाण्यातल्या एका संगणकाशिवाय तो कुठे उघडत नसे. "आपला नकाशा आपल्यालाच उघडता येत नाय, तर तो आपला कसा?" असं म्हणून बाई एसव्हीजी शिकल्या. चित्र साध्या अक्षरांत लिहायची ही पद्धत. कुणाच्या मालकीची नाही, सगळ्यांना खुली. बाजारातल्या सायबर कॅफेतून तिची माहिती छापून आणायच्या आणि शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायच्या. हळूहळू नकाशा उभा राहिला. पाड्यावर क्लिक केलं की तिथल्या प्रत्येक मुलाच्या वजनाची रेघ शेजारी उलगडायची.

फक्त त्या रेघा मधेच तुटायच्या. दिवाळीनंतर थांबायच्या, होळीनंतर पुन्हा सुरू व्हायच्या, आणि व्हायच्या त्या बऱ्याच खालून.

मोखाड्यात तालुक्याच्या अधिकाऱ्यांना नकाशा दाखवायची बैठक होती. तिच्याआधी आमचे प्रमुख साठेसर म्हणाले, "बाई, जोडून टाका त्या. काम अर्धवट दिसतं."

"त्या महिन्यांत पोरं कशी होती, ठाऊक हाय आपल्याला?"

"नाही, पण अंदाजाने..."

"ठाऊक नाय तिथं मी रेघ ओढणार नाय, सर. दुसऱ्या कुणाला सांगा."

दुसऱ्या कुणाला ते येतच नव्हतं.

बैठकीत तालुक्याच्या अधिकाऱ्यांनी स्वतःच माउस हातात घेतला. एक पाडा झाला, दुसरा झाला. सगळीकडे तेच. "ही मुलं मधे जातात कुठे?" त्यांनी विचारलं. मागून एक अंगणवाडी सेविका म्हणाली, "वीटभट्टीवर, साहेब. कामाला गेलेल्या आईबापासंगं."

हे त्या खोलीत प्रत्येकाला माहीत होतं.

त्या तुटलेल्या महिन्यांतली वजनं घ्यायला पुढच्या हिवाळ्यात वजनकाटा घेऊन आम्ही भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर गेलो. पोटात दुखत असूनही बाई आल्या. एका झोपडीत आमच्या नकाशातल्याच एका पाड्यावरची, सुरेखा नावाची दोन वर्षांची चिमुरडी होती. काट्याच्या झोळीत ठेवली, तर काटा जेमतेम हलला. आई म्हणाली, "निजूनच ऱ्हाते. उभी नाय ऱ्हात." बाईंनी तिला पदरात गुंडाळून घेतलं, आईला जीपमध्ये बसवलं आणि तिथून थेट दवाखाना गाठला.

जव्हारला परतल्यावर बाईंनी तिच्या वजनाचा ठिपका नकाशात लिहिला. साठेसर मागे उभे होते. "फार खाली आहे हो," ते हळूच म्हणाले.

"खाली हाय, सर. पण आता दिसते तरी."

उन्हाळ्यात बाईंचं दुखणं बळावलं. मुंबईच्या इस्पितळात होत्या, तेव्हा मी फोन केला आणि उत्साहाने सुरेखाचं नवं वजन सांगू लागलो. बाईंनी मधेच थांबवलं.

"वजन ऱ्हाऊ दे. चालते का?"

"चालते, बाई. काल अंगणवाडीच्या पायऱ्या एकटीच चढली. उतरवायला गेलो तर रडली."

पलीकडे बाई हसल्या. हसताना त्यांना खोकला आला, आणि त्यांच्या सुनेने फोन घेतला. बाईंचा आवाज मी ऐकला तो शेवटचा.