अमावस्येची मोकळी जागा

सर माझ्याकडे नोकरीला आले तेव्हा मी त्यांना मुद्दाम 'सर'च म्हणत राहिलो. पंधरा वर्षांपूर्वी यवतमाळात ते एका कंप्युटर सेंटरचे प्रमुख होते. आयटीआय करून मी तिथे काम मागायला गेलो, तर माझा अर्ज न वाचता त्यांनी मला बंद पडलेल्या पंख्याचं वायरिंग पाहायला लावलं आणि चहा पाजून परत पाठवलं. पुढे ते पुण्याला गेले. मी जुनी मशिनं घासाघीस करून घेत घेत तीन सर्व्हरची एक थंड खोली उभी केली. नेरपासून वणीपर्यंतच्या, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्यांच्या वजनकाट्याच्या पावत्या त्या सर्व्हरवरून निघतात. सरांची पुण्यातली नोकरी गेली, इकडे आई अंथरुणाला खिळली, म्हणून ते परत आले. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला या गावात सर्व्हरचं काम देणारा मी एकटाच होतो. हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

काम ते चोख करत. नवं गिऱ्हाईक घ्यायचं म्हटलं की आधी चार दिवस सर्व्हरची मोकळी मेमरी आणि प्रोसेसरवरचा ताण दर तासाला वहीत लिहून काढत. आत्ता मोकळं किती दिसतं याला अर्थ नाही, सकाळी अकराला सगळ्या काट्यांवर गाड्या लागलेल्या असताना किती उरतं ते पाहावं, असं त्यांचं म्हणणं. मला ती रिकामी दिरंगाई वाटे.

दिवाळीनंतर उमरखेडकडचे एक मालक आले. दोन जिनिंग, चार काटे. त्यांना दुसरीकडूनही बोलावणं होतं, त्यामुळे सौदा त्याच दिवशी व्हायला हवा होता. मी त्यांना खोलीत नेऊन स्क्रीन दाखवली. पहिल्या सर्व्हरची अर्ध्याहून जास्त मेमरी मोकळी होती. मालक खूश झाले. दाराशी उभे असलेले सर हळूच म्हणाले, "भाऊ, आज अमावस्या आहे."

माझ्या गिऱ्हाइकांकडचे हमाल अमावस्येला मालाला हात लावत नाहीत, त्यामुळे खरेदीही बंद असते आणि सर्व्हर मोकळे दिसतात. मला हे माहीत नव्हतं असं नाही. त्या वेळी लक्षात आलं नव्हतं, एवढंच. आणि ते त्यांनी पाहुण्यासमोर दाखवून दिलं.

"शेठ, आमचे सर पंचांग पाहून मशीन चालवतेत," मी म्हणालो. "पुण्याहून हेच शिकून आले. उद्या सर्व्हरले लिंबू-मिरची बांधतीन."

मालक मोठ्याने हसले. सरही हसल्यासारखं करून म्हणाले, चार दिवस द्या, नाहीतर एक जिनिंग तरी दुसऱ्या सर्व्हरवर टाकू. दुसरा सर्व्हर मी एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या आशेने राखून ठेवला होता. मी सांगितलं, दोन्ही पहिल्यावरच, आणि आजच. त्यांनी टाकली.

सोमवारी अकराच्या आत मेमरी संपली. ट्रॅक्टर काट्यावर चढलेला, वजन दिसतंय, पण पावती निघत नाही. पहिल्या सर्व्हरवरच्या सगळ्या जिनिंगांची हीच गत. कापसाच्या गाड्यांच्या रांगा फाटकाबाहेर रस्त्यावर आल्या. दुपारी उमरखेडचे मालक स्वतः येऊन थडकले आणि जागा आहे म्हणून कोणी सांगितलं, असं विचारलं.

सरांनी कीबोर्डवरचे हात थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"यायनंच मोजलं होतं," मी सरांकडे बोट करून म्हणालो. "मी कुठचा इंजिनियर? यायच्या भरवशावर हो म्हटलं."

ते तोंड उघडतील असं मला वाटलं होतं. मी भांडायला तयार होतो, त्या पंख्यापासून सगळं काढणार होतो. ते पुन्हा स्क्रीनकडे वळले. मालक मला बाहेर नेऊन म्हणाले, हा माणूस इथे राहिला तर मी राहणार नाही. मी मान डोलावली.

सरांना मात्र लगेच सांगितलं नाही. त्या मशिनांत काय कुठे आहे हे त्यांच्याइतकं मला कळत नव्हतं. त्यांनी उमरखेडची दोन्ही जिनिंग दुसऱ्या सर्व्हरवर हलवली, एकेका काट्यावर फोन करून पावती निघते का ते विचारलं. शेवटचा काटा सुरू झाला तेव्हा सहा वाजत आले होते. त्यांचा डबा न उघडता तसाच पडला होता. मग मी म्हणालो, "सर, उद्यापासून येऊ नका."

त्यांनी डबा पिशवीत टाकला. "दुपारी तुम्ही बोलले, तेव्हाच समजलं होतं."

"मग एवढं काम कायले करत बसले?"

"गाड्या उभ्या होत्या," ते म्हणाले आणि चपला घालून निघाले.

आठवड्याभराने राजूरकडून एका कोळशाच्या काट्यावरून फोन आला. सर तिथे नोकरी मागायला गेले होते आणि आधी माझ्याकडे होते असं त्यांनी सांगितलं होतं. माणूस कसा आहे, असा प्रश्न होता. मी म्हणालो, सज्जन आहे, फक्त मोजायला चुकतो. हे बोलताना माझी जीभ अडखळली नाही. त्यांनी दुसरा माणूस घेतला.