माहरुखचा पहिला नकार

इराणातल्या यझ्दमध्ये पहिल्या विचारण्यालाच जो "हो" म्हणतो, तो एक तर परगावचा असतो, नाहीतर उपाशी. "चहा?" "नको." "घ्या हो." "कशाला त्रास." तिसऱ्यांदा विचारलं की पेला हातात. फत्हुल्ला विणकर या खेळात पट्टीचा. माहरुखनं त्याला लग्नालासुद्धा दोनदा नाही म्हटलं होतं. "तिसऱ्यांदा आलाच नसता, तर मीच कुणाला तरी पिटाळलं असतं," असं ती म्हातारपणीही चारचौघींत सांगायची, आणि हा दाढी खाजवत छताकडं बघायचा.

खुब्याचं हाड मोडल्यापासून माहरुख डोंगराकडच्या तफ्त गावी मुलीकडं, तय्यबेकडं होती. दर शुक्रवारी फत्हुल्ला आपली घडीची सायकल दुमडायचा, मिनीबसमध्ये चढवायचा, तफ्तच्या चौकात उतरून उलगडायचा आणि डाळिंबांच्या बागांमधला चढ चढायचा. चढायचा कसला, अलीकडं गुडघ्यांनी हात टेकले होते, सायकल ढकलतच न्यायचा. घामाघूम पोचला की माहरुख म्हणायची, "आलात? मला वाटलं डोंगरच ढकलत आणताय. बसा, पाणी प्या."

म्हणून त्यानं सायकलला मोटार बसवायचं ठरवलं. म्हातारा दुसरं लग्न करतोय, अशी कंडी गल्लीत पिकलीच. ती कुणी पिकवली ते विचारू नका.

सायकली दुरुस्त करणाऱ्या उस्ता मेहरबाननं पुढच्या चाकाचा चिमटा कानशीनं घासून मोटारीचं चाक बसवलं, हँडलला बॅटरीची पिशवी अडकवली आणि बजावलं, "आगा, बिजागरीपाशी वायर सैल सोडलीय. घडी घालताना बोटानं बाजूला धरा, नाहीतर तुटेल."

"जन्मभर धागे सांभाळले मी. तू मला वायर शिकवतोस?"

शुक्रवारी सकाळी मिनीबसच्या थांब्यावर, चार लोकांना दाखवत, त्यानं ऐटीत घडी घातली. कट्कन आवाज झाला.

"धागा असता तर गाठ मारली असती," बघायला थांबलेला मेहरबान म्हणाला. "हिला जोड दिला तर चढावर तापेल. नवी वायर उद्या मिळेल."

मोटारीशिवायही जाता आलं असतं. इतकी वर्षं जातच होता. त्यानं माहरुखला फोन लावला.

"येऊ का आज?"

तिचा आवाज बारीक झाला होता. "नको. कशाला एवढा त्रास? चढ आहे."

इथं पुन्हा विचारायचं असतं. शेंबडं पोरही विचारतं. पण फत्हुल्लाच्या डोळ्यांपुढं उद्याचा शनिवार नाचत होता: तो भर्रकन चढ चढून येतोय, कपाळावर घामाचा थेंब नाही, आणि माहरुख तोंडात बोट घालून बघतेय.

"बरं," तो म्हणाला, "मग उद्या येतो."

"बरं," ती म्हणाली.

शनिवारी मेहरबान वायर बसवत होता, तेव्हाच तय्यबेचा फोन आला. माहरुख पहाटे गेली होती.

मातीच्या दिवशी तय्यबेनं एवढंच सांगितलं. "फोननंतर आईनं माझ्याकडून केस विंचरून घेतले. म्हणाली, दार उघडं ठेव, ते पुन्हा विचारतील. दुपारभर उशीला टेकून बसली होती."



चाळिसावा दिवस झाल्यावर तो पहिल्यांदा मोटारीच्या सायकलवर तफ्तला गेला. माहरुखला आवडणारे बदामाचे कुत्ताब, ती साखरेत घोळलेली मिठाई, सवयीनं पिशवीत घेतले होते. मेहरबानचं काम चोख होतं, चढ कधी संपला ते कळलंसुद्धा नाही. अंगणात उतरला तेव्हा त्याला धाप लागलेली नव्हती.

तय्यबे दारात आली. "पाणी आणू, बाबा?"

"नको," तो म्हणाला. सवयीचाच नको.

तिनं त्याच्याकडं पाहिलं, आणि ती आत गेली.

फत्हुल्लानं वायर बोटानं बाजूला धरून सायकलची सावकाश घडी घातली. मग दाराकडं कान लावून पायरीवर बसून राहिला. घशाला कोरड पडली होती.