दुसऱ्यांदा दिलेली आच

फोल्कमार ब्योम काचकारागीर होता. श्टुटगार्टच्या एका प्रयोगशाळेच्या तळघरात त्याचा बर्नर आणि माझा धातू कातायचा लेथ सव्वीस वर्षं शेजारी होते. बोटाएवढी काचेची कुपी करायची, तापवत ठेवून चार दिवस पंपाने आतली हवा ओढायची, रुबिडियम धातूचा कण सोडायचा, आणि नळीचं तोंड वितळवून बंद करायचं. ही शेवटची आच एकदाच. हात रेंगाळला तर तापलेल्या काचेतून वायू आत सुटतो.

वरच्या मजल्यावर त्या कुपीत लेझर सोडत. आतले अणू हजारपटीने फुगत आणि रेडिओची क्षीण लहरही त्यांना जाणवे. त्यांना सगळंच जाणवे.

शेवटच्या वर्षी फोल्कमार कॉफी अर्धाच कप घेऊ लागला. भरलेला कप हिंदकळायचा.

"डॉक्टरला दाखव," मी म्हणालो.

"तो म्हणेल बर्नर सोड. मग करू काय, तुझा लोखंडाचा भुसा झाडू?"

निवृत्तीला आठ महिने होते. तेवढे त्याला बर्नरपाशीच काढायचे होते.

फ्रीडेरिक नावाच्या संशोधक मुलीची कुपी बंद करताना त्याचा हात हलला आणि ज्योत सरकली. त्याने दुसऱ्यांदा आच दिली. मी पाहिलं. काच निर्दोष दिसत होती. त्याने तिच्यावर १४१२ आकडा कोरला आणि ती वर पाठवली. मी काही बोललो नाही.

दोन आठवड्यांनी फ्रीडेरिक कुपी घेऊन खाली आली. "ब्योमसाहेब, आलेखावर अणूंची रेषा बारीक यायला हवी, ती रुंद येतेय. तुमच्या कुपीत दोष नसतोच, आमचा लेझरच बिघडलाय. नऊ दिवस तो खोलून बसलेय. एकदा बघता का, सहज?"

त्याने कुपी उजेडात धरली. कुपी थरथरत होती.

"लेझरला हात लावू नका. आत वायू आहे. मी दोनदा आच दिली."

"तुम्ही? काहीतरीच."

"अलोइसला विचारा. त्याने पाहिलंय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

त्याने तेव्हाच गॅसचा कॉक बंद केला. उरलेले महिने तो भांडारात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसला. कुप्या बाहेरून येऊ लागल्या, यंत्राने केलेल्या, चपट्या. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात तो वारला.

१४१२ माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. पुसताना बघतो, दोष दिसत नाही. त्या मुलीचे नऊ दिवस मात्र माझ्याही नावावर आहेत.